दहा पावलं मागे

पेंटरचाचांना काहीही दाखवलं की ते आधी मागे सरकत. लग्नाची पत्रिका असो, नव्या दुकानाचा बोर्ड असो, नाहीतर माझ्या कॉम्प्युटरवरचं एखादं पान असो. आपण उत्साहाने वस्तू त्यांच्या नाकासमोर धरावी आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उलटं चालायला सुरुवात करावी. मागे खुर्ची आहे की चहावाला आहे, याची त्यांना फिकीर नसे. दहा पावलं झाली की थांबत, मान जराशी तिरकी करत आणि तिथूनच निकाल देत. "रंग छान आहे. पण दुकान कशाचं आहे ते तरी सांग, इंजिनियर." मी इंजिनियर नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

उरण नाक्याजवळच्या आमच्या इमारतीत तळमजल्याला आमचे गाळे शेजारी शेजारी होते. त्यांच्या गाळ्यात रंगाचे डबे, माझ्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं. मी वेबसाइटी बनवतो. चाचांना नाव होतं, पण पनवेलात ते कुणी वापरत नसे. फ्लेक्स येईपर्यंत नाक्यापासून स्टेशनापर्यंतच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. त्यांचे दोन्ही भाऊ आखातात गेले, हे मात्र गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "तिकडे अक्षर उजवीकडून सुरू होतं. माझा हात नसता वळला." चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नसीम लग्न होऊन उरणला होती. फ्लेक्सने धंदा खाल्ल्यावरही चाचा रोज सकाळी गाळा उघडत आणि काम नसलं की स्टूल उचलून माझ्याकडे येऊन बसत.

वेबसाइट कशी असावी हे मला कॉलेजात शिकवलं गेलं, पण कळलं ते चाचांकडून. त्यांचं म्हणणं असं, की पाटी वाचणारा माणूस उभा नसतो. तो घाईत असतो, गाडीत मागे पोरं रडत असतात, बायको म्हणत असते इथे नको, पुढे थांबू. पळस्प्याच्या एका हॉटेलवाल्याला पाटी हॉटेलच्या दारातच हवी होती. चाचांनी त्याच्याशी दोन दिवस हुज्जत घातली आणि ती फाट्याच्या अलीकडे लावायला लावली. "गाडी वळल्यावर पाटी दिसून काय फायदा? गोव्याला जाणारा पुण्याच्या वाटेला लागेल आणि तुझ्या नावाने बोटं मोडेल." मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलं. पुढे कित्येक गिऱ्हाइकांना ते ऐकवलं आणि बहुतेक वेळा माझंच म्हणून ऐकवलं.

कर्नाळ्याजवळच्या एका रिसॉर्टची वेबसाइट मी केली, तेव्हाची गोष्ट. पान उघडलं की मोठमोठे फोटो एकामागून एक सरकत येत. मला त्याचा भारी अभिमान. चाचा मागे गेले, थांबले, दोन फोटो गेलेले बघितले आणि म्हणाले, "हे पळतात कशाला? कोणी मागे लागलंय का?" मग पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, "येणाऱ्याला काय पाहिजे? खोली आहे का, जेवण मिळतं का, रस्ता कुठून. ते आधी सांगून टाक. मग पळव तुला काय पळवायचं ते." मी दोन दिवस फुगून बसलो आणि तिसऱ्या दिवशी सगळे फोटो काढून टाकले. रिसॉर्टवाला खूश झाला. त्याला फोन करून रस्ता विचारणाऱ्यांचा त्रास निम्म्याने कमी झाला म्हणे.

आमच्या गाळ्यात भिंतीवर एक वाक्य आहे. 'चूक माणसाची नसते, पानाची असते.' तेही चाचांनीच लाल रंगात काढून दिलेलं. आमच्या धंद्यातला तो पहिला नियम आहे. एखाद्याला वेबसाइटवर हवी ती गोष्ट सापडली नाही तर त्याला अडाणी म्हणायचं नाही, गुपचूप आपलं पान सुधारायचं. त्यासाठी आम्ही साध्या माणसांना कॉम्प्युटरपुढे बसवतो, एक काम देतो आणि ते कसे चाचपडतात त्याचं रेकॉर्डिंग करतो. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, नुसतं बघायचं. नुसतं बघण्यात मी स्वतःला पटाईत समजत असे.

मग आमच्याकडे डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम आलं. बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे, तेव्हा चाचणीला माणसंही तशीच हवीत. शेजारी चाचा असताना दुसरीकडे शोधायला कोण जातो? मी त्यांना बसवलं आणि काम दिलं, "समजा तुम्हाला डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे." वेळ घेण्याचं बटण वर उजव्या कोपऱ्यात होतं, चांगलं केशरी. चाचा पाच मिनिटं शोधत राहिले. शेवटी हात वर करून म्हणाले, "दाखवायचं नव्हतं तर बनवलंस कशाला?" आम्ही हसलो. मी नोंद केली, 'कोपऱ्यातलं बटण दिसत नाही', आणि बटण थोडं आत सरकवलं.

रुग्णालयाच्या विश्वस्तांचं एकमत होईना, त्यामुळे ते काम दीड वर्ष रेंगाळलं. त्या काळात चाचा आमच्याकडे चौदा वेळा बसले. दर वेळी काही ना काही हरवायचं. डावीकडची यादी दिसली नाही, मी ती काढून टाकली. पडद्यावरचा बाण सापडेना, "कुठे गेला रे तुझा बाण, आत्ता होता", मी बाण दुप्पट मोठा केला. खालच्या कडेचा फोन नंबर दिसला नाही, तोही मध्ये आणला. होता होता सगळं पान एका अरुंद पट्ट्यात मधोमध येऊन बसलं. दिसायला फार सुरेख झालं होतं. बाकीच्या आजीआजोबांनाही ते आवडलं, आणि विश्वस्तांना तर फारच.

आमच्या ऑफिसात स्नेहल नावाची मुलगी आहे, ती ही रेकॉर्डिंगं बघून नोंदी काढते. एकदा ती म्हणाली, "सर, बाकीच्यांना बाण सापडतो. चाचांचाच दर वेळी कसा हरवतो?" मी खुर्ची वळवली आणि भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं. आपण माणसात खोट शोधायला लागलो की आपली कला संपली, वगैरे बरंच ऐकवलं तिला. ती बिचारी "हो सर" म्हणाली आणि कामाला लागली. तिने विचारलेला प्रश्न साधा होता. दीड वर्षात तो एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

उलट मी मिरवत होतो. वाशीला आमच्या धंद्यातल्या लोकांचं एक संमेलन होतं, तिथे मी भाषण केलं. विषय काय, तर माणूस कडेला बघत नाही. पुराव्यादाखल चाचांचं रेकॉर्डिंग लावलं. चाचा बटणाच्या शेजारून बाण नेतात, परत आणतात, पुन्हा नेतात आणि म्हणतात, "लपंडाव खेळतोस काय म्हाताऱ्याशी?" सभागृह हसलं. प्रेमानेच हसलं, पण हसलं. मीही हसलो. टाळ्या पडल्या आणि दोघातिघांनी येऊन हात मिळवला. परत आल्यावर चाचांना म्हटलं, तुम्ही फेमस झालात. ते एवढे खूश झाले, की समोरच्या टायरवाल्याला बोलावून त्यालाही सांगितलं.

त्यांची दहा पावलं त्या काळात वाढत चालली होती. आधी ते गाळ्याच्या दारापर्यंत जात, मग पायरी उतरून बाहेर, आणि पुढे पुढे तर रस्ता ओलांडून टायरवाल्याच्या दुकानापाशी उभे राहून काचेतून माझं पान बघत. तिथून ओरडत, "हां, आता दिसलं पूर्ण!" मला हे अद्भुत वाटलं. पाट्या रंगवण्यात हयात गेलेला म्हातारा रस्त्यापलीकडून वेबसाइट तपासतोय! मी त्यांचा तसा फोटो काढला आणि आमच्या स्वतःच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर लावला. खाली लिहिलं, 'आम्ही लांबून बघतो.'

जवळून जे दिसत होतं तेही सांगायला हवं. त्यांच्या कोपराने माझ्या टेबलावरचे चहाचे दोन ग्लास फुटले. अर्ध्या उघड्या शटरला त्यांचा खांदा लागायचा. आणि एकदा उरणजवळच्या करंजाचा एक बोटवाला आला. त्याच्या घरातल्या सगळ्या बोटींवरची नावं चाचांनीच काढलेली. नव्या बोटीचं नाव काढून दोन दिवस झाले होते. तो जरा अवघडून म्हणाला, "चाचा, शेवटचा अक्षर पट्टीवं चढलाय. बाकी झ्याक हाय." चाचांनी काढलेलं अक्षर कडेच्या रंगीत पट्टीवर चढलं होतं! ज्या माणसाने डोलणाऱ्या होडीत उभं राहून दुसऱ्या होडीवर सरळ ओळ ओढली, त्याचं. चाचा म्हणाले, "हात थकला रे." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी ते दुरुस्त करून दिलं आणि त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. मी म्हटलं, "आराम करा आता चाचा, पुष्कळ केलंत." आणि मला वाटलं की मी किती समजूतदारपणे बोललो.

रुग्णालयाची वेबसाइट सुरू झाल्यावर महिन्याभराने चाचांचं कपाळ शटरला आपटलं आणि दोन टाके पडले. नसीम उरणहून आली. "अब्बा, आता डोळे दाखवा म्हणजे दाखवाच," म्हणून हटून बसली. चाचा माझ्या गाळ्यात आले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि माझ्याच वेबसाइटवर स्वतःच्या हाताने वेळ घेतली. एका झटक्यात. बटण मधोमध होतं ना. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, आता कसं चांगलं झालंय. दीड वर्ष घेतलंस, पण शिकलास." मी त्यांच्या पाया पडायचं नाटक केलं. नसीमही हसली.

रुग्णालयात त्यांना एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. आत बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेर उभा होतो. बटणाचा टिक असा आवाज येत होता, मग बराच वेळ आला नाही, मग एकदा आला, मग पुन्हा शांत. मला वाटलं, चाचांना झोप लागली. नंतर डॉक्टरबाईंनी आमच्यापुढे कागद ठेवला. सगळा काळा, मधोमध पांढरा डाग. तो आकार मला पाठ होता. दीड वर्ष मी सगळं पान ज्या पट्ट्यात आणत गेलो, तेवढाच तो डाग होता.

बाईंनी नीट समजावलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर आधी जाते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली मात्र थेंब टाकून राखता येईल. "वर्षभर आधी आला असतात तर बरीच वाचली असती." मग विचारलं, "कधीपासून असं होतंय?" चाचा म्हणाले, "हल्लीच. दोन-तीन महिने." बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज शेजारी असता. तुमच्या काही लक्षात आलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

माझ्याकडे चौदा रेकॉर्डिंगं होती. प्रत्येकावर तारीख होती. नजर कोणत्या महिन्यात कुठपर्यंत आत आली, ते मी त्या बाईंना दाखवू शकलो असतो. मी मात्र म्हणालो, "नाही." उठताना बाई सहज बोलल्या, "आमच्या वेबसाइटवर सगळी लक्षणं लिहिलीत हो. लोक वाचतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी गाळ्यात जाऊन मी ते पान उघडलं. काचबिंदूचं पान. ते मीच मांडलं होतं. अक्षराचा आकार, दोन ओळींतलं अंतर, कागदासारखा मऊ पिवळसर रंग, सगळं माझं. वाचलं मात्र पहिल्यांदाच. तिसरं लक्षण होतं, 'चालताना धडक बसणे'. ते इतकं तोकडं का, म्हणून मी रुग्णालयाशी झालेला जुना पत्रव्यवहार काढला. त्यांनी पाठवलेलं मूळ वाक्य असं होतं: 'चालताना दाराला, माणसांना धडक बसणे, वस्तू पूर्ण दिसावी म्हणून मागे सरकून बघावं लागणे.' खाली माझं उत्तर होतं. 'तिसरा मुद्दा दुसऱ्या ओळीत जातोय, वाईट दिसतं. कृपया एका ओळीत बसवा.'

मी चाचांचा फोटो आमच्या वेबसाइटवरून काढला. स्नेहलने का म्हणून विचारलं नाही. मी तिची माफी मागितली, तर ती रडायला लागली. म्हणाली, "सर, मी पुन्हा विचारायला हवं होतं." तिचा काही दोष नसताना तिला रडवल्याची लाज आणखी वर. त्याच आठवड्यात नसीम चाचांना उरणला घेऊन गेली. गाळ्याला कुलूप लागलं. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "नवीन पान केलंस की पाठव. मधलं मधलं बघून सांगेन." मी हो म्हटलं. सांगायचं ते मात्र सांगितलं नाही. रिक्षा निघून गेली आणि मला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

उरण काही लांब नाही. तरी जायला मला चार महिने लागले. चाचा नसीमच्या घराच्या ओट्यावरच्या बाकावर बसले होते. आवाजावरून मला ओळखलं, "आला का इंजिनियर!" मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. नसीम चहा ठेवायला आत गेली आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. चौदा रेकॉर्डिंगं, वाशीचं हसणं, स्नेहलचा प्रश्न, डॉक्टरबाईंना दिलेलं खोटं उत्तर आणि ते कापलेलं वाक्य. चाचा समोर रस्त्याकडे बघत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ते पान आहे का आत्ता तुझ्याजवळ?"

मोबाइलवर होतं.

"वाच."

मी वाचायला लागलो. "कडेचं हळूहळू दिसेनासं होणं."

"हां."

"दुखत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही."

"बरोबर लिहिलंय."

तिसरा मुद्दा आता पूर्ण होता. मी तो परत लावून घेतलाय, तो दोन ओळींचा झालाय आणि मला वाईट दिसतं तसंच दिसतं. मी वाचलं, "चालताना दाराला, माणसांना धडक बसणे; वस्तू पूर्ण दिसावी म्हणून मागे सरकून बघावं लागणे."

आतून कपबशांचा आवाज येत होता. चाचांनी विचारलं, "म्हणजे तुझं ते पहिलं पान, कोपऱ्यात बटण होतं ते, ते बरोबर होतं?"

"हो चाचा. ते बरोबर होतं."

"आणि मी तुला उगाच बोल लावले." त्यांनी चाचपत माझा गुडघा शोधला आणि थोपटला. "माफ कर बेटा. मला वाटलं, तुलाच येत नाही."

माझी मान खाली गेली. वर बघायची हिंमत होईना. मग लक्षात आलं की मी शेजारी बसलो होतो, म्हणजे त्यांना मी दिसतच नव्हतो. ना मी, ना माझी खाली गेलेली मान. तिथे बसून मी किती वेळ लाज वाटून घेतली असती तरी ती त्यांच्या नजरेच्या बाहेरच राहिली असती.

मी उठलो आणि त्यांच्या समोर, ओट्याच्या खाली, जमिनीवर जाऊन बसलो.

"दिसतोय का चाचा?"

"थांब," ते म्हणाले, आणि बाकावर बसल्या बसल्या थोडे मागे सरकले.